माझ्या हाताखालचा आकडा

३ ऑगस्ट

खैरुन आपांची मान आज सैल झाली. क्लिनिकच्या ओळीतच त्यांचं शिवणाचं दुकान आहे, दिवसभर मान खाली. उताणं झोपवून मी त्यांच्या कवटीखाली बोटं ठेवली. दाबलं नाही. डोक्याचं वजन बोटांवर येऊ दिलं. बोटाच्या चिमट्यातून नाडीची रेघ भिंतीवरच्या टीव्हीवर जाते. सुरुवातीला ती दाट होती, मग विरळ होत गेली. तळहात गरम झाले. पोट गुरगुरलं तशा त्या लाजल्या. मी म्हटलं, हे चांगलं लक्षण आहे.

“आमचे हे घरी असा हात ठेवते असते तर मी इथी आली असती का व, डॉक्टरीनबाई?”

मंजुषा हसली. ती माझी मदतनीस. मीही हसले.

स्वायत्त मज्जासंस्थेचे दोन भाग, अनुकंपी आणि परानुकंपी. एक पळायला तयार करतो, दुसरा जेवायला आणि झोपायला. दोन्ही आपल्या हुकमात नाहीत. संथ दाबातून, कातडीतून त्यांच्यापर्यंत काहीतरी पोचतं. किती पोचतं आणि किती वेळ टिकतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. हे मला माहीत आहे. तरी दारावरच्या फलकावर मी ‘स्पर्शातून शांती’ असं रंगवून घेतलं. खाली नाव : संघप्रिया एल. खोब्रागडे. एल म्हणजे लटारू, माझे बाबा. पूर्ण नावाला जागा होती. रंगाऱ्याने विचारलंही होतं.

७ ऑगस्ट

परवा बाबांना डॉक्टर मन्सूर यांच्याकडे नेलं. रक्तदाब वाढलेला निघाला. लहानशी गोळी सुरू केली. ते म्हणाले, “दवाखान्यात माणूस डरता है, इसलिए वाढतो. घरी रोज सकाळी मोजा. घरचे आकडे खरे. तुम्ही तर यातल्याच आहात.”

मी यातलीच आहे. म्हणून नीट पद्धत ठरवली. चहाच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठ टेकून, हात टेबलावर. तंबाखूने आकडा वाढतो म्हणून त्याआधी खिसे बघायचे. बाबा खर्रा खातात. आलापल्लीहून इकडे आले तेव्हा त्यांनी सोडल्याचं सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात उशीखाली खर्र्याची पन्नी सापडली. तोंडात पांढरा चट्टा आहे. मी दाताच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा तिथल्या खुर्चीतून उठताना त्यांच्या खिशातून पन्नी पडली. सगळ्यांनी पाहिली. त्यांनी ती उचलून पुन्हा खिशातच ठेवली.

तेव्हापासून मी खिसे बघते. शर्टाचे, पँटचे, बंडीचा आतला.

आज आकडा जास्तच होता. ते म्हणाले, “मले काई नाई होत. तुले रोज रोज कायले पायजे?”

“बोलू नका. बोललं की वाढतं.”

१८ ऑगस्ट

लिहायला नको वाटतं आहे.

ज्येष्ठ नागरिक मंडळातली दहाबारा माणसं क्लिनिक बघायला आली. निवृत्त मास्तर, तहसीलमधले, बँकेतले. हात लावल्यावर शरीरात काय होतं हे मी टीव्हीवर दाखवणार होते. खैरुन आपा येणार होत्या, त्यांच्याकडे पाहुणे आले. घर क्लिनिकच्या मागेच. बाबांना बोलावलं. येताना शर्ट बदलायला सांगितलं आणि दात घासायला.

ते टेबलावर झोपले. चिमटा लावला. रेघ ठीक होती. मी बोलत होते : आता बघा, मी मानेखाली हात घेते, थोड्या वेळात नाडी खाली येईल. हात घेतला. आकडा चढायला लागला. मी श्वास संथ केला, बोटं हलवली नाहीत. शंभरच्या वर गेला. त्यांच्या कपाळावर घाम आला. मागून कोणी म्हणालं, “पोरीच्या हातानं बापाचीच धडधड वाढली ना जी.”

बाबा झोपल्या झोपल्या हसले. सगळे तपकिरी दात दिसले. “मी डायवर माणूस. चढ लागला का इंजन आवाज करतेच. थांबा जरासे, उतार येईन.”

लोक हसले. मला ते हसणं बरं वाटलं नाही आणि बाबांचे दात दिसले ते त्याहून वाईट वाटलं. मी सांगितलं, गर्दीमुळे असं होतं. चिमटा काढला. टीव्ही बंद केला.

संध्याकाळी त्यांच्या बंडीत पन्नी सापडली. हेच कारण असणार.

१९ ऑगस्ट

आज कोणी आलं नाही. पाऊस. भामरागडचा रस्ता बंद झाल्याचं बाबा खिडकीत बसून सांगत होते, कोणाला ते माहीत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की बस अलीकडेच ठेवून चालक-वाहक शाळेत झोपायचे, वगैरे. मी फलकाच्या मजकुराबद्दल विचार करत होते. ‘शांती’ काढून ‘आराम’ लिहावं का.

२ सप्टेंबर

महिन्याचे आकडे आणि बाबांना घेऊन डॉक्टर मन्सूर यांच्याकडे गेले. एकही दिवस खाली नाही. त्यांनी गोळी वाढवली. “इतना साफ रेकॉर्ड कोणी आणत नाही, मॅडम,” म्हणाले. त्यांच्याकडून या महिन्यात तीन रुग्ण माझ्याकडे आले. मला बरं वाटलं.

बाबा वाटेत म्हणाले, “आता कोनती गोळी?”

“तीच. थोडी मोठी.”

“मोठी म्हंजे ताकदीची का आकारानं?”

मी पुढे चालत राहिले. विनोदाची वेळ नव्हती.

११ सप्टेंबर

सकाळी लवकर रुग्ण होता म्हणून बाबांचं बीपी मंजुषाला घ्यायला सांगितलं. तिने जो आकडा सांगितला तो तरुण माणसाचा असतो तसा. मी तिला रुग्णासमोरच बोलले. पट्टा सैल बांधला असशील, हात लटकत असेल.

“नाई मॅडम. दोनदा घेतलं. बाबा गोष्ट सांगून राह्यले होते, तरी तेवढंच आलं.”

“बोलत होते? मग तर वाढायला हवं. मशीनची बॅटरी बघ.”

तिने बॅटरी बदलली. चेहरा उतरला होता तिचा. दुपारी डबा खाताना तीच बोलायला लागली, राग धरून राहत नाही. बाबांनी तिला कोणती गोष्ट सांगितली ते सांगत होती. भामरागडच्या रस्त्याला तेव्हा पोलिसांचे नाके फार. बस थांबायची, सगळे उतरायचे, रांग, हात वर, झडती. चालकालाही सोडत नसत. शिपाई रोजच्या ओळखीचा, रात्री एका ताटात जेवलेला, तरी झडती. “बाबा म्हणे, मंजुषाबाई, खिशात काईच नसे. पण त्याचा हात अंगाले लागला का छाती अशी धडधड करे का आता फुटते. आन् काई नाई निंघालं का मलेच लाज वाटे, जसा काई मीच चोर.”

बाबा मंजुषाला मंजुषाबाई म्हणतात. मला अशा गोष्टी कधी सांगितल्या नाहीत. मी विचारलंही नसेल.

१२ सप्टेंबर

खात्री करून घ्यावी म्हणून आज दोनदा मोजलं. आधी मंजुषा, मग मी. तेच मशीन, तीच खुर्ची, तोच हात. तिचा आकडा कालच्यासारखाच. माझा नेहमीसारखा वर. अंतर इतकं की चूक म्हणता येणार नाही.

मग दुसऱ्या क्रमाने घेतलं. आधी मी, नंतर ती. माझ्या वेळी वर. ती बसल्यावर थोड्या वेळाने खाली.

मंजुषाने मशीन बंद केलं. पट्टा गुंडाळून डब्यात ठेवला.

माझे हात गार आहेत का? आज मुद्दाम गरम पाण्यात धरून गेले होते. मी घाई करते का? नाही. पद्धत तर माझीच जास्त काटेकोर आहे. मंजुषा खिसेसुद्धा बघत नाही.

१३ सप्टेंबर

डॉक्टरांना सांगायला हवं. गोळी माझ्या आकड्यांवर वाढली आहे.

कसं सांगायचं याचा विचार करते आहे. डॉक्टर, माझ्या वडिलांचा रक्तदाब मी हात लावला की वाढतो. आणि दारावर फलक. त्यांच्याच पत्नीला मी मागच्या आठवड्यात सांगितलं होतं की योग्य हात असेल तर शरीर आपोआप विश्वास ठेवतं. ‘योग्य हात’ हे माझे शब्द.

सोमवारी सांगेन.

२७ सप्टेंबर

सांगितलं नाही. एका सोमवारी ते नागपूरला गेले होते. दुसऱ्या सोमवारी मी त्यांच्या दवाखान्यासमोरून गेले, आत बरीच गर्दी होती. फोन करता आला असता.

बाबा हल्ली उठताना टेबल धरतात. विचारलं तर म्हणतात, “काई नाई, जरा अंधारी येते. म्हातारपन.” मी मान्य केलं. मान्य करताना मला माहीत होतं की हे म्हातारपण नाही.

मोजणं मी चालूच ठेवलं आहे. मंजुषाला द्यायला हवं होतं. पण मग आकड्यांत एकदम फरक दिसला असता आणि डॉक्टरांनी विचारलं असतं.

६ ऑक्टोबर

बाबा सकाळी न्हाणीत पडले. आवाज झाला तेव्हा मी मशीन काढून टेबलावर ठेवत होते. कपाळ फुटलं. शुद्ध होती. अंग गार, घामेजलेलं. मला बघून म्हणाले, “बादली लवंडली, पानी सांडलं.”

मंजुषाला बोलावून रिक्षातून दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरने बीपी घेतलं आणि लगेच पाय उंच केले. फारच खाली होतं. टाके पडले. डॉक्टर मन्सूर आले, कागद पाहिले, माझ्याकडे पाहिलं.

“घरचे आकडे तर वरच आहेत ना?”

“हो.”

“फिर इतना नीचे कैसे?”

“माहीत नाही,” मी म्हणाले.

मंजुषा शेजारीच उभी होती, बाबांच्या कपड्यांची पिशवी घेऊन. ती सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिली.

मग बाबा बोलले. डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोपलेत. “डॉक्टरसाहेब, माहीच चूक आहे. मी गोळी दोनदा खाल्ली असन. याद नाई राहत.”

डॉक्टर त्यांना रागावले. या वयात असं करून चालत नाही, पोरगी इतकी काळजी घेते, तुम्हाला किंमत नाही. बाबा हो हो म्हणत होते. शेवटी म्हणाले, “आता नाई होनार, साहेब.”

गोळ्या मी रोज माझ्या हाताने देते. डबा माझ्या कपाटात असतो. बाबांना दोनदा खाता येणंच शक्य नाही. हे तिथे तिघांना माहीत होतं. मी बोलले नाही.

८ ऑक्टोबर

घरी आणलं. मंजुषा कामाला आली, सगळं आवरलं. जाताना म्हणाली, “मॅडम, मी सांगू का डॉक्टरले?”

“मी सांगते.”

“हो,” म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता. मी तिच्या जागी असते तर माझाही बसला नसता.

९ ऑक्टोबर

सांगितलं. रुग्ण संपेपर्यंत बाकावर बसले. आधी आकड्यांचं सांगितलं, मग हे कधीपासून माहीत होतं ते, मग गोळी दोनदा खाल्ली नव्हती ते. उलट क्रमाने सांगायला हवं होतं. सगळ्यात वाईट ते मी शेवटी ठेवलं.

डॉक्टर मन्सूर चष्मा पुसत होते. “और मैंने बुजुर्ग आदमी को डांटा,” म्हणाले.

मी आकड्यांचा कागद टेबलावर ठेवला.

“आकडा तुमचा, पण गोळी मी वाढवली. एकदा तरी इथं बसवून, तुम्हाला बाहेर ठेवून मोजायला पाहिजे होतं. नाही मोजलं. घरातच डॉक्टर आहे म्हणून नाही मोजलं.” मग म्हणाले, “पण तुम्ही चार हफ्ते थांबल्या, मॅडम.”

“हो.”

गोळी निम्म्यावर आणली. मोजणारं माणूस बदला, म्हणाले. कारण विचारलं नाही. बहुधा त्यांना वाटलं की मला माहीत असेल.

११ ऑक्टोबर

पडल्यापासून बाबांची मान एका बाजूला आखडली आहे. डोकं वळत नाही, सगळं अंग वळवतात. रात्री नीट झोपले नाहीत. मंजुषाला हे उपचार अजून येत नाहीत. मला येतात.

दुपारी तेलाची बाटली घेऊन त्यांच्या खोलीत गेले. ते खिडकीजवळ बसले होते. मी म्हटलं, “बाबा, जरा हात लावू का?”

ते उठले. मान तिरकीच. दोन्ही हात अंगापासून लांब केले, खांद्यापर्यंत उचलले आणि उभे राहिले. नजर माझ्या डोक्यावरून भिंतीकडे.

“हे काय?”

“पाह्य ना,” म्हणाले. “काई नाई आज. आतल्या खिशात बी नाई.”

“मी मान बघायला आले होते.”

“अच्छा,” म्हणाले, पण हात लगेच खाली आले नाहीत. काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. मलाही. बंडीच्या काखेतली शिवण उसवलेली दिसली. ती मी इतक्या वेळा चाचपली आहे, उसवलेली कधी दिसली नव्हती.

ते आल्यापासून मी त्यांना कशाकशासाठी हात लावला ते आठवून पाहिलं. खिसे. पट्टा. तोंड उघडून चट्टा बघायला. मंडळासमोर चिमटा. एकही वेळ अशी सापडली नाही की जेव्हा मी काही शोधत नव्हते.

तेलाची बाटली टेबलावर ठेवली आणि बाहेर आले. मान तशीच राहिली.

१२ ऑक्टोबर

खैरुन आपा आल्या होत्या. टीव्ही लावला नाही. त्या म्हणाल्या, “आज बिजली नाई का?” मी हो म्हटलं. दिवे चालू होते. त्यांनी वर पाहिलं आणि डोळे मिटले. त्यांच्या मानेखाली हात ठेवला. त्यांचा श्वास लांबला, पोट वाजलं. माझ्या हातांत काही बिघाड नाही. असता तर सोपं होतं.

१४ ऑक्टोबर

सीता आत्या नागपूरहून दीक्षाभूमीवरून परतताना इथे उतरल्या. आलापल्लीला राहतात, एकट्याच. त्यांचे यजमान, आमचे फुफाजी, वनखात्यात होते. बाबांचं कपाळ पाहून म्हणाल्या, “कोनासंग मारामारी केली रे, लटारू?”

“न्हानीसंग.”

“जिंकला का?”

“नाई. न्हानी जिंकली.”

दोघं किती वेळ हसत होती. मग आत्याने त्यांना खाली बसवलं, स्वतः मागे खाटेवर बसल्या आणि गप्पा मारता मारता त्यांची मान चोळायला लागल्या. कसलीच पद्धत नाही. अंगठा भलत्याच ठिकाणी, दाब वेडावाकडा, मधेच थांबून हातवारे. तज्ज्ञ म्हणून मला पाच चुका दिसल्या. बाबांचे डोळे मिटले. तोंड किंचित उघडं पडलं. मी दारात होते, तिथून मला त्यांचं पोट गुरगुरलेलं ऐकू आलं.

आत्या म्हणाल्या, “याले नेऊ का व थोडे दिवस? तुले बी काम रायते.”

बाबांनी डोळे उघडले नाहीत. पण ते जागे होते आणि माझं उत्तर ऐकत होते. खांदे वर आले, एवढे की आत्यांचे अंगठे थांबले.

मी म्हटलं, “न्या. त्यांना बरं वाटेल.”

१५ ऑक्टोबर

बसस्टँडवर सोडून आले. गोळ्या, डॉक्टरांचा कागद, मशीन आत्यांच्या पिशवीत ठेवलं. बाबा चढताना चालकाशी काही बोलले. ओळखीचा नसावा, पण दोघांचं जमलं. खिडकीतून म्हणाले, “जाय आता, तुये पेशंट आले असन.”

मला त्यांच्या हातावर हात ठेवायचा होता. तो खिडकीच्या गजावर होता, सहज पोचला असता. मी जयभीम केला. त्यांनीही केला, गजावरचा हात उचलून.

घरी येऊन मंजुषाची माफी मागितली, सप्टेंबरात रुग्णासमोर बोलले त्याची. ती म्हणाली, “जाऊ द्या ना, मॅडम.” मग म्हणाली, “बाबा वापस येतीन ना?” मी म्हटलं, माहीत नाही. या वेळी ते खरं होतं.

२९ ऑक्टोबर

आत्यांचा फोन. आरोग्य उपकेंद्रातली सिस्टर घरी येऊन बीपी बघून जाते. चांगलं आहे. डॉक्टर मन्सूर यांना कळवलं, त्यांनी गोळी आणखी कमी केली. बाबा झोपतात. जेवण वाढलं आहे. मान वळते. खर्रा खातात का विचारलं. आत्या म्हणाल्या, “खाते कवा कवा. मी शिव्या देतो, तो हासते.” तोंडातल्या चट्ट्याचं काय, मी म्हटलं. तिथल्या दातवाल्याला दाखवा. हे म्हणायलाच हवं होतं. म्हणताना माझा आवाज कसा झाला ते मलाच ऐकू आलं.

सगळी बातमी चांगली आहे. मी तीनदा चांगलं म्हटलं. वडील सुधारत आहेत आणि त्याचं कारण मी तिथे नाही हे आहे. असं वाक्य लिहून बघितलं, कसं दिसतं ते. असं दिसतं.

१० नोव्हेंबर

आज बाबांनीच फोन केला. आत्यांच्या फोनवरून, ओरडून बोलतात.

“प्रिया, जेवली का?”

“हो.”

“कवा येतं इकडे? सीतानं कोंबडी ठेवली आहे तुयासाठी. मी म्हनलं, आता नोको कापू, पोरगी आली का काप.”

मी कामाचं बघितलं. बुधवारी रुग्ण कमी होते.

“बुधवारी येते, बाबा. सकाळच्या बसने.”

 मागे आत्यांच्या घरचा रेडिओ चालू होता.

“बुधवारी ती सिस्टरबाई येते,” म्हणाले. “बीपी पाह्यले.”

“किती वाजता?”

“तिचं काई नक्की नाई. सकाळी येते, कवा दुपारी.”

मी त्यांच्या बोलण्याची वाट बघितली. ते माझ्या बोलण्याची बघत होते.

“मग गुरुवारी येते,” मी म्हटलं.

“हो,” बाबा लगेच म्हणाले. “गुरुवारी ये. गुरुवारी चांगलं रायते.”